खंबीर नायिका शोधायची कशी? किशोर कादंबऱ्या आणि रिसर्चच्या पहिल्या पायऱ्या



पेट पास झाली, इंटरव्ह्यू झाला, गाईड मिळाले, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "आधी लिटरेचर वाचून या." वाचायचं काय, ते शोधायचं कुठे, सापडलेल्यातलं ठेवायचं कुठलं आणि थांबायचं कधी, हे मात्र सहसा कुणी शेजारी बसवून समजावत नाही. म्हणून आजची पोस्ट त्यावर.

उदाहरण मी मुद्दाम माझ्या लॅबमधलं घेत नाहीये. विषय घेतलाय किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या, खंबीर नायिका असलेल्या कादंबऱ्यांचा. बाहेर याला 'यंग अ‍ॅडल्ट', थोडक्यात वायए म्हणतात. साधारण बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठीचं हे साहित्य. माझी भाची पेणला असते, नववीत आहे. तिला मे महिन्यात वाचायला पुस्तकं हवी होती आणि अट एकच होती, "मावशी, गोष्टीत मुलगी असू दे, पण तिला कुणीतरी येऊन वाचवतंय असलं नको." वाक्य साधं आहे. पण नीट बघितलं तर हा एक पूर्ण रिसर्च क्वेश्चन आहे. त्यात व्याख्या आहे, शोध आहे, निवड आहे आणि मोजमापही आहे. विज्ञानवाल्यांनो, पळू नका. पुढे गणितही आहे.

प्रश्न विचारण्यालायक आहे का?

कुठल्याही सिनॉप्सिसमध्ये पहिला परिच्छेद असतो तो 'या अभ्यासाची गरज काय' याचा. इथे गरज काय ते बघू.

डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्राथमिक शाळेतल्या ४,८०७ मुलांना फक्त एवढंच सांगितलं होतं की एका शास्त्रज्ञाचं चित्र काढा. त्यातल्या फक्त २८ चित्रांत शास्त्रज्ञ बाई होती आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढलेली होती. एकाही मुलाने स्त्री शास्त्रज्ञ काढली नव्हती. पुढे हीच चाचणी अनेकांनी पुन्हापुन्हा केली. २०१८ मध्ये डेव्हिड मिलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अशा ७८ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. त्यात नंतरच्या दशकांत स्त्री शास्त्रज्ञ काढणाऱ्यांचं प्रमाण सरासरी २८ टक्क्यांच्या आसपास गेल्याचं दिसलं. म्हणजे सुधारणा झाली आहे. पण त्याच विश्लेषणात असंही दिसलं की मुलं जसजशी मोठी होतात तसतशी ती पुरुष शास्त्रज्ञच जास्त काढायला लागतात.

दुसरा अभ्यास लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई चिम्पियन यांचा, २०१७ सालचा. पाच वर्षांच्या मुलींना 'खूप खूप हुशार' माणूस आपल्यासारखाच असेल असं मुलांइतकंच वाटत होतं. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये ते कमी झालेलं दिसलं. पहिली-दुसरीचं वय हे!

आता इथे एक सावधगिरी. या दोन्ही अभ्यासांनी 'पुस्तकांमुळे असं होतं' असं सिद्ध केलेलं नाही. घर, शाळा, टीव्ही, नातेवाईकांची बोलणी, सगळंच त्यात मिसळलेलं असतं. दोन गोष्टी सोबत दिसतात म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे आपण नेटच्या पेपरसाठी पाठ करतो आणि पहिल्याच ड्राफ्टमध्ये विसरतो. त्यामुळे आपला दावा लहान ठेवू. मुलींच्या मनातलं 'माझ्यासारखी माणसं काय काय करू शकतात' हे चित्र लवकर तयार होतं, आणि पुस्तक ही त्या चित्राला रंग पुरवणारी एक जागा असू शकते. अमेरिकन अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये यासाठी छान उपमा वापरली होती. मुलांसाठी पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी असते, तर कधी पलीकडे जायचं सरकतं दार. गरजेचा परिच्छेद लिहायला एवढं पुरे.

'खंबीर' म्हणजे नक्की काय?

रिसर्चमध्ये ढिला शब्द चालत नाही. ज्याची मोजणी करायची, ते ओळखायचं कसं हे आधी लिहून ठेवावं लागतं. याला कार्यकारी व्याख्या म्हणतात. दोन वेगळ्या माणसांनी तीच व्याख्या वापरली तर साधारण तेच उत्तर यायला हवं.

आपल्या विषयात 'खंबीर' म्हटलं की डोळ्यांसमोर लगेच धनुष्यबाणवाली मुलगी येते. सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' (२००८) मधली कॅटनिस. धाकट्या बहिणीच्या जागी ती स्वतः जीवघेण्या खेळात उतरते. बरोबरच आहे, ती खंबीर आहेच. पण व्याख्या 'लढते ती खंबीर' अशी केली, तर पुढच्या मुली यादीतून बाहेर पडतात:

मेग, मॅडलिन लेंगल यांच्या 'अ रिंकल इन टाइम' (१९६२) मधली. चष्मा, चिडका स्वभाव, शाळेत सारखी बोलणी खाणारी, पण गणितात तरबेज. हरवलेल्या वडिलांच्या शोधात निघते. तिची आईसुद्धा शास्त्रज्ञ आहे, आणि १९६२ च्या पुस्तकात हे विशेषच.

कॅल्पर्निया, जॅकलिन केली यांच्या 'द इव्होल्यूशन ऑफ कॅल्पर्निया टेट' (२००९) मधली. १८९९ सालचं टेक्सास, सहा भावांत एकटी बहीण. अंगणातले पिवळे नाकतोडे हिरव्यांपेक्षा मोठे का, हा तिला पडलेला प्रश्न. आईला वाटतं हिने विणकाम आणि स्वयंपाक शिकावा. आजोबा मात्र तिला डार्विनची ओळख करून देतात.

विद्या, पद्मा वेंकटरामन यांच्या 'क्लाइंबिंग द स्टेअर्स' (२००८) मधली. १९४१ सालची मुंबई, पंधरा वर्षांची मुलगी. वडिलांवर मोठा आघात होतो आणि कुटुंबाला मद्रासला आजोबांच्या वाड्यात जावं लागतं. तिथे बायका खाली, पुरुष वर, आणि पुस्तकांची खोलीही वरच. जिना चढून पुस्तकांपर्यंत जायची परवानगी मागणं, हेच तिचं धाडस. एक जाताजाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे या लेखिका स्वतः समुद्रशास्त्रज्ञ आहेत, त्यात डॉक्टरेट केलेल्या. थिसिसनंतर आयुष्य असतं, असं कुणी म्हणालं तर मी हे उदाहरण देते.

या तिघींना धरून ठेवेल अशी व्याख्या हवी. मी चार निकष लिहिले:

१. मध्यवर्ती पात्र साधारण ११ ते १८ वयाची मुलगी आहे.
२. कथेच्या किमान एका मोठ्या वळणावरचा निर्णय तिचा आहे.
३. तिला स्वतःला काहीतरी हवं आहे. ज्ञान, काम, सुटका, काहीही चालेल.
४. मुख्य पेच दुसऱ्या कुणी परस्पर येऊन सोडवत नाही.

चारही जमले तर पुस्तक यादीत. बघा, यात तलवार कुठेच नाही आणि तरी कॅटनिस आरामात बसते. चांगली व्याख्या अशीच असते. आपल्या मनातलं ठळक उदाहरण तिच्यात येतंच, शिवाय आपल्याला आधी न सुचलेलीही येतात. वयाची खालची मर्यादा बारावरून अकरावर का आणली, तर कॅल्पर्निया सुरुवातीला अकराची आहे. काठावरचं असं एखादं उदाहरण आलं की निकष का बदलला ते वहीत तारखेसकट लिहायचं. सहा महिन्यांनी गाईड विचारणारच!

सोपी आयती चाचणी वापरली तर? उदाहरणार्थ बेकडेल चाचणी. अ‍ॅलिसन बेकडेल यांच्या १९८५ च्या एका कॉमिक स्ट्रिपमधून ती आली. सिनेमात किमान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर बोलाव्यात. लावायला एकदम सोपी. पण ती बायकांची हजेरी मोजते, खंबीरपणा नाही. स्कॉट ओडेल यांच्या 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स' (१९६०) मध्ये कराना ही मुलगी बेटावर वर्षानुवर्षं एकटी राहते, हत्यारं बनवते, घर बांधते. बोलायला समोर कुणी नाहीच, त्यामुळे कथेच्या मोठ्या भागात ही चाचणी लावताच येत नाही. आयतं मोजमाप उचलण्याआधी ते नेमकं काय मोजतं, हे तपासायचं ते यासाठी.

शोधायचं कुठे? साखळी पकडा

बहुतेक जण सर्च बॉक्समध्ये 'स्ट्राँग फीमेल लीड' टाकतात आणि पहिल्या दहा निकालांवर थांबतात. ते निकाल म्हणजे बहुतांशी सिनेमे निघालेली पुस्तकं. समजा तुम्हाला ४० पुस्तकं सापडली आणि निकष लावल्यावर १० उरली, तर तुमच्या शोधाची अचूकता २५ टक्के. हे वाईट नाही, पण त्या दहात सगळ्या धनुष्यवाल्याच असतील तर तुमचा कीवर्डच एका बाजूला झुकलेला आहे. कीवर्ड बदलत राहा: जगण्याची धडपड, शिक्षण, निसर्गनिरीक्षण, स्थलांतर, अपंगत्व. नायिकेवरून शोधू नका, तिच्यापुढच्या प्रश्नावरून शोधा. ग्रंथालयाच्या नोंदीतही अनेकदा विषय म्हणून कथेतला प्रश्न लिहिलेला असतो, नायिकेचा खंबीरपणा नाही.

दुसरी पद्धत साखळीची. पेपर वाचताना आपण त्याच्या मागच्या संदर्भांकडे जातो, आणि त्या पेपरला पुढे कुणी संदर्भ म्हणून वापरलं तेही बघतो. कादंबऱ्यांतही हे चालतं. 'अ रिंकल इन टाइम' पासून सुरुवात करू. याला पुढे 'साइट' कुणी केलं? रिबेका स्टेड यांच्या 'व्हेन यू रीच मी' (२००९) या कादंबरीतली मिरांडा हेच पुस्तक पुन्हापुन्हा वाचत असते. म्हणजे एका नायिकेच्या हातात दुसरी नायिका. 'व्हेन यू रीच मी' ला २०१० चं न्यूबेरी पदक मिळालं. त्या वर्षीची न्यूबेरीची मानाची यादी उघडा, त्यात 'कॅल्पर्निया टेट' आहे. न्यूबेरीच्याच जुन्या याद्यांत मागे जा, तर १९७३ ची विजेती 'ज्युली ऑफ द वुल्व्हज' सापडते. तेरा वर्षांची मियाक्स अलास्काच्या बर्फाळ माळावर लांडग्यांच्या हालचाली बारकाईने बघून त्यांची भाषा शिकते आणि जिवंत राहते. आणखी मागे १९६१ ची विजेती, आपली करानाच. चार उड्यांत १९६२ ते २००९ आणि परत १९६० पर्यंत. सर्च बॉक्सने हे दिलं नसतं.

पण साखळीलाही कुंपण असतं. न्यूबेरी फक्त अमेरिकेच्या नागरिक किंवा रहिवासी लेखकांनाच मिळतं. त्या एका यादीवर विसंबलात तर अनिता देसाई तुम्हाला कधीच भेटणार नाहीत. आपल्याकडेही हेच होतं. एकाच मोठ्या इंग्रजी डेटाबेसवर विसंबून 'या विषयावर भारतात काम झालेलं नाही' असं लिहिणारे प्रबंध असतात. काम झालेलं असतं, फक्त त्या डेटाबेसने ते घेतलेलं नसतं. म्हणून वेगवेगळ्या उगमाच्या किमान तीन याद्या घ्या. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनशी जोडलेली 'राइज' ही स्त्रीवादी बालकिशोर पुस्तकांची वार्षिक यादी आहे. तिचं आधीचं नाव अमेलिया ब्लूमर प्रोजेक्ट. भारतीय पुस्तकांसाठी टाटा ट्रस्टची 'पराग ऑनर लिस्ट' आहे, नीव बुक अवॉर्डच्या याद्या आहेत. आणि गावातलं जुनं वाचनालय आहेच, जिथल्या बाईंना कुठलं पुस्तक मुली पुन्हापुन्हा नेतात हे तोंडपाठ असतं.

थांबायचं कधी? तळ्यातल्या माशांचं गणित

आता माझा आवडता भाग. 'अजून किती पुस्तकं राहिली असतील' याचा अंदाज बांधता येतो का? येतो. तळ्यात मासे किती, हे जीवशास्त्रज्ञ कसं काढतात? काही मासे पकडून, खूण करून परत सोडतात. काही दिवसांनी पुन्हा पकडतात आणि त्यात खुणेचे किती हे मोजतात.

समजा तुमच्या पहिल्या यादीत निकषात बसणारी १२ पुस्तकं आहेत. पूर्ण वेगळ्या मार्गाने काढलेल्या दुसऱ्या यादीत १५. दोन्हींत समान ६. तर एकूण अंदाज: १२ गुणिले १५, भागिले ६, म्हणजे ३०. तुमच्या हातात वेगवेगळी पुस्तकं १२ अधिक १५ वजा ६, म्हणजे २१. याचा अर्थ साधारण ९ पुस्तकं अजून पाण्यातच आहेत. शोध चालू ठेवा. समान पुस्तकं १० असती तर? एकूण अंदाज १८, हातात १७. मग थांबायला हरकत नाही.

पण थांबा, गृहीतक तपासलं का? हे सूत्र धरून चालतं की दोन्ही याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. इंटरनेटवरच्या याद्या बऱ्याचदा एकमेकींवरूनच उतरवलेल्या असतात. मग समान पुस्तकांचा आकडा फुगतो आणि एकूण अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. आपल्याला वाटतं सगळं सापडलं, आणि प्रत्यक्षात आपण एकाच कोपऱ्यात दोनदा जाळं टाकलेलं असतं. 'सगळीकडे तीच तीच नावं येतायत, म्हणजे माझं लिटरेचर पूर्ण झालं' असं वाटेल तेव्हा हे आठवा. नावं तीच येतायत ती खरोखर तेवढीच आहेत म्हणून, की सगळे एकमेकांचंच वाचतायत म्हणून?

वाचताना मतभेद झाले तर

यादी झाली, आता प्रत्येक पुस्तक वाचून 'बसतं' की 'बसत नाही' हे ठरवायचं. याला कोडिंग म्हणतात, आणि ते एकट्याने करू नये. माझी दुसरी कोडर म्हणजे भाचीच.

आम्ही अडकलो ते अनिता देसाई यांच्या 'द व्हिलेज बाय द सी' (१९८२) वर. १९८३ चं गार्डियन बालसाहित्य पारितोषिक मिळालेली ही कादंबरी आपल्या अलिबागजवळच्या थळ गावात घडते. लीला तेरा वर्षांची, हरी बारा वर्षांचा. आई आजारी, वडील दारूत बुडालेले, पाठच्या दोन लहान बहिणी. गावावर खताच्या कारखान्याचं सावट. हरी घर सोडून मुंबईला जातो, खानावळीत राबतो, घड्याळं दुरुस्त करायला शिकतो. लीला मागे राहते.

माझा निकाल होता 'बसत नाही'. प्रवास हरीचा, बदल हरीत, म्हणून निकष एकवर शंका. निकष चारवरही शंका, कारण आईला अलिबागच्या दवाखान्यात न्यायला लीलाला मुंबईहून येणाऱ्या बंगलेवाल्या कुटुंबाची मदत लागते. भाचीने फोनवर सरळ विचारलं, "मावशी, हरी गेला तेव्हा घरात खायला कोण घालत होतं? आणि मदत मागायला गेली कोण? मागितली तिनेच ना?"

पेणच्या बाजारात पहाटे टोपली घेऊन येणाऱ्या बायका बघत वाढलेली मुलगी आहे ती. तिच्या लेखी मागे राहणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. आणि तिच्या बोलण्यात पद्धतीचाही एक मुद्दा होता. आमच्या निकषात 'परस्पर' हा शब्द होता. मदत परस्पर आली नव्हती, लीलाने ती मिळवली होती. त्यामुळे निकष चारवर भाचीचं बरोबर ठरलं. निकष एकवर आमचं अजून जमलेलं नाही. मी मध्यवर्ती पात्र ठरवताना कथा कुणासोबत फिरते ते बघते, ती ठरवताना कथा कुणाच्या खांद्यावर उभी आहे ते बघते. दोन्ही म्हणणी टिकतात. अशा वेळी तडजोड करून एक आकडा लिहू नका. मतभेद आहे तसा नोंदवा. तोच पुढे तुमच्या प्रबंधातलं सगळ्यात वाचनीय प्रकरण होऊ शकतो.

मतभेद मोजताही येतो. समजा दोन कोडरांनी २० पुस्तकं पाहिली. दोघांनीही प्रत्येकी १४ ला 'बसतं' म्हटलं आणि एकूण १६ पुस्तकांवर एकमत झालं. म्हणजे ८० टक्के एकमत, छान वाटतं. पण दोघंही १० पैकी ७ वेळा 'बसतं' म्हणणारे असतील, तर न वाचता नुसतं योगायोगानेही बरंच एकमत होईल: ०.७ गुणिले ०.७ अधिक ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ०.५८. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला कापा हा आकडा योगायोगाचा भाग वजा करतो: (०.८० वजा ०.५८) भागिले (१ वजा ०.५८), म्हणजे साधारण ०.५२. ८० टक्क्यांचं तेज एकदम उतरलं ना? ०.५२ म्हणजे मध्यम सहमती. निकष अजून घासायला हवेत.

मोजणी काय सांगते आणि काय सांगत नाही

आपण घरगुती पातळीवर केलं, तेच मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. लेनोर वाइट्झमन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये कॅल्डेकॉट पुरस्काराच्या चित्रपुस्तकांची मोजणी प्रसिद्ध केली. आधीच्या पाच वर्षांतल्या १८ विजेत्या आणि मानाच्या पुस्तकांत पुरुषपात्रांची चित्रं २६१ आणि स्त्रीपात्रांची २३. अकरास एक! पुढे जॅनिस मॅकेब आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १९०० ते २००० या काळातली ५,६१८ बालपुस्तकं तपासली. दरवर्षीच्या पुस्तकांत सरासरी ५७ टक्क्यांत पुरुष किंवा मुलगा मध्यवर्ती, आणि ३१ टक्क्यांत स्त्री किंवा मुलगी.

या दुसऱ्या अभ्यासातला खरा धडा वेगळाच आहे. आपल्याला वाटतं की जुन्या काळी वाईट होतं आणि हळूहळू चांगलं होत गेलं. आकड्यांत तसं दिसत नाही. सगळ्यात जास्त तफावत होती ती १९३० ते १९६० च्या दशकांत, म्हणजे शतकाच्या सुरुवातीपेक्षा मध्यावर परिस्थिती वाईट. प्रगती सरळ रेषेत जाते हे गृहीतक कुठल्याही विषयात डेटाशिवाय लिहू नका.

आणि मोजणीची मर्यादाही लक्षात घ्या. हे दोन्ही अभ्यास मुख्यतः लहान मुलांच्या पुस्तकांचे आहेत, किशोर कादंबऱ्यांचे नाहीत. त्यांचे आकडे उचलून वायएला चिकटवता येणार नाहीत. शिवाय मुलगी मध्यवर्ती आहे हे आकडा सांगतो. ती तिथे काय करते, हे पुस्तक उघडूनच कळतं.

मग मराठीचं काय?

इथे तुमच्यासाठी मोकळं रान आहे. मराठी किशोर साहित्यातलं धाडस म्हटलं की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवतो, फुरसुंगीचा बनेश. मुलींनीही तो तितक्याच आवडीने वाचला. पण मराठीत अशाच किती मुली सायकलवर टांग मारून निघाल्या? उत्तर 'कमी' असंच असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर ते अजून गृहीतक आहे, निष्कर्ष नाही.

तपासायला साधन हाताशी आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. दर दहा वर्षांतून एका वर्षाचे अंक निवडा. फक्त कथा घ्या. मध्यवर्ती पात्र कोण आणि निर्णायक कृती कुणाची, एवढे दोनच रकाने भरा. सोबत दुसरा कोडर घ्या, कापा काढा. एका सुट्टीत होण्यासारखं काम आहे, पैसे लागत नाहीत, आणि पीएचडीच्या इंटरव्ह्यूत 'तुम्ही आतापर्यंत काय केलंय' या प्रश्नाला दाखवायला हातात चार पानं येतात. एम.ए. मराठीवाल्यांनी आणि एम.एस्सी. स्टॅटवाल्यांनी जोडी जमवली तर फारच उत्तम.

आज रात्री सुरुवात करायची असेल तर एवढंच करा. वहीच्या एका पानावर तुमचा स्वतःचा रिसर्च क्वेश्चन लिहा. त्यातला सगळ्यात ढिला शब्द अधोरेखित करा. त्या शब्दाचे चार निकष लिहा आणि ते पान अशा माणसाला दाखवा जो तुमच्या विषयातला नाही, पण ज्याला प्रश्न विचारायची भीड वाटत नाही. नववीतली भाची असेल तर सोन्याहून पिवळं.

पुढच्या पोस्टमध्ये याच वहीतून सिनॉप्सिसचा पहिला ड्राफ्ट कसा काढायचा ते बघू. तोपर्यंत वाचत राहा!